फुलझाडांना खत आणि किडींना खाद्य

महाराष्ट्राच्या लोकजीवनात फुलांना मानाचे स्थान आहे. दसऱ्याचे तोरण झेंडूवाचून अपुरे, गौरीगणपतींची पूजा शेवंतीवाचून सुनी आणि लग्नाचा मंडप निशिगंधावाचून ओकाबोका वाटतो. परसातली ही फुले आज शेतात आली आहेत, इतकेच नव्हे, तर हरितगृहांतही पोहोचली आहेत. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील झेंडू व शेवंतीचे मळे, मावळ तालुक्यातील गुलाबाची व जरबेराची हरितगृहे आणि पुण्याच्या गुलटेकडीपासून मुंबईच्या दादरपर्यंत पहाटे भरणारे फुलांचे बाजार यांवर हजारो कुटुंबांचा संसार उभा आहे. शाळांच्या बागा, ग्रामपंचायतींची उद्याने आणि कार्यालयांसमोरचे ताटवे यांचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे.

या फुलझाडांच्या बाबतीत एक दृश्य दरवर्षी दिसते. श्रावणात झेंडूची लागण होते. रोप मातीत रुजले की युरिया दिला जातो. चार-सहा दिवसांत पिकाला काळोखी येते. शेजारी कौतुक करतात आणि त्या कौतुकाने हुरूप येऊन आणखी एक हप्ता दिला जातो. झाड माजते, पाने मोठी व लुसलुशीत होतात. पुढे पाऊस उघडतो, ऊन तापते आणि दसरा पंधरा दिवसांवर आला असता शेंड्यांवर मावा, कळ्यांत फुलकिडे व पानांच्या पाठीवर लाल कोळ्यांची जाळी दिसू लागते. मग औषधाच्या दुकानाकडे धाव घेतली जाते. एक फवारणी होते, दुसरी होते, तिसरीही होते. कीड कोठून आली, असा प्रश्न विचारला की हवामानाकडे, रोपवाटिकेकडे किंवा शेजाऱ्याच्या शेताकडे बोट दाखविले जाते. महिन्यापूर्वी रिकाम्या झालेल्या युरियाच्या पोत्याकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही.

त्या पोत्याचा आणि या किडीचा संबंध काय, हाच आजच्या विवेचनाचा विषय होय.

किडीची भूक कशाची?

प्रथम एक खुलासा करणे अगत्याचे आहे. मावा, फुलकिडे, तुडतुडे, पांढरी माशी व पिठ्या ढेकूण हे कीटक आहेत. लाल कोळी मात्र कीटक नव्हे. तो आठ पायांचा, कोष्ट्यांच्या कुळातला जीव आहे. म्हणूनच कीटकांसाठीच्या अनेक औषधांना तो दाद देत नाही. परंतु झाडातून अन्न शोषून घेण्याच्या बाबतीत हे सर्व एकाच पंक्तीला बसतात.

कोणत्याही प्राण्याला शरीर वाढविण्यासाठी प्रथिने लागतात आणि प्रथिनांचा गाभा म्हणजे नत्र. कीटकाच्या शरीराच्या शुष्क वजनात नत्राचे प्रमाण साधारणपणे 8 ते 14 टक्के असते. झाडाच्या पानांत ते बहुधा 1 ते 5 टक्के असते आणि मावा ज्या अन्नवाहिन्यांतून रस शोषतो त्या रसात तर ते फारच अल्प असते. त्या रसात साखर विपुल. नत्रयुक्त अमिनो आम्ले मात्र तुटपुंजी. मूठभर धान्यासाठी गाडीभर भूस पाखडावे तसे मावा करतो. नत्राच्या कणासाठी तो अतोनात रस पितो आणि नको असलेली साखर बाहेर टाकतो. हाच तो पानांवर पडणारा चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते, त्याच्या लोभाने मुंग्या येतात आणि माव्याच्या शत्रूंना हुसकावून त्याची राखण करतात.

थोडक्यात, साखरेची चणचण या किडींना कधीच नसते. चणचण असते ती नत्राची. जो माणूस झाडाला गरजेपेक्षा अधिक नत्र देतो, तो नकळत किडीची ही चणचणच दूर करीत असतो.

झाडात काय घडते?

मुळांनी शोषलेल्या नत्रापासून झाड प्रथम अमिनो आम्ले तयार करते आणि नंतर ती गुंफून प्रथिने बनविते. नत्राचा पुरवठा गरजेइतका असेल, तर हे काम वेळच्या वेळी उरकते. पुरवठा एकदम व अतोनात झाला, तर न गुंफलेली अमिनो आम्ले रसात साचून राहतात. प्रथिने पचविण्यापेक्षा ही सुटी अमिनो आम्ले शोषक किडींना कितीतरी सुलभ असतात. पालाशाची कमतरता असेल, तर प्रथिने बनण्याची क्रिया मंदावते आणि हा साठा आणखी वाढतो. म्हणजे नत्र भरपूर व पालाश अपुरा, ही किडीच्या दृष्टीने पर्वणीच होय.

फ्रान्समधील कृषिशास्त्रज्ञ फ्रान्सिस शाबुसू यांनी याच विचाराचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि 1985 साली आपल्या ग्रंथात तो सविस्तर मांडला. झाडाच्या रसात सुटी अमिनो आम्ले व साखर साचली की ते किडीला बळी पडते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ. त्यांचे प्रत्येक अनुमान सर्वांनी मान्य केले असे नाही; परंतु झाडाचे पोषण आणि किडीचा उपद्रव यांचा एकत्र विचार झाला पाहिजे, ही दिशा त्यांनी ठळकपणे दाखविली.

अतिरिक्त नत्राचे आणखी दोन परिणाम होतात. पहिला असा, की झाडाची सारी शक्ती वाढीकडे वळते आणि संरक्षणासाठी लागणारी तुरट, कडवट द्रव्ये तयार करण्याकडे दुर्लक्ष होते. दुसरा असा, की घाईने वाढलेल्या पानांची त्वचा पातळ व पेशींच्या भिंती कोवळ्या राहतात. फुलकिडा पेशी खरवडून, टोचून आतील रस घेतो. कोळीही पानातील पेशी एकेक करून रिकाम्या करतो. दोघांचेही काम अशा पानांत सुकर होते. शिवाय दाट माजलेल्या झाडाच्या पोटात फवारणीचे थेंब पोहोचत नाहीत. किडीला उत्तम अन्न आणि उत्तम आडोसा, दोन्ही एकाच पोत्यातून मिळतात.

प्रयोगांची साक्ष

हे केवळ तर्क नव्हेत. फुलझाडांवर याविषयी काळजीपूर्वक प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील संशोधकांनी कुंडीतील शेवंतीला खताच्या निरनिराळ्या मात्रा देऊन तिच्यावर मावा सोडला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, खताची मात्रा चढत गेली तशी माव्याची संख्याही वाढत गेली. पुढे 2009 साली त्याच राज्यातील शास्त्रज्ञांनी गुलाब आणि कोळी यांच्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. व्यापारी लागवडीत शिफारस केली जाणारी मात्रा एका मर्यादेपर्यंत कमी केली, तरी फुलांचे उत्पादन टिकून राहते आणि कोळ्यांची संख्या घटते, असे त्यांत आढळून आले.

या दुसऱ्या निष्कर्षाचे मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. झाडाला आवश्यक असलेली मात्रा आणि माणूस देत असलेली मात्रा यांमध्ये अंतर असते. त्या अंतराएवढे खत फुलांच्या कामी येत नाही. ते किडीच्या कामी येते. शेतकरी त्याची किंमत दोनदा मोजतो: एकदा खताच्या दुकानात आणि दुसऱ्यांदा औषधाच्या दुकानात.

उपासमार हा उपाय नव्हे

यावरून खतच देऊ नये, असा अर्थ काढणे सर्वथा चुकीचे ठरेल. भुकेले झाड खुरटते, फुले लहान व विरळ येतात आणि किडीने खाल्लेली पाने भरून काढण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. पाण्याचा ताण पडलेल्या झाडातही प्रथिने मोडून सुटी अमिनो आम्ले वाढतात. उन्हाळ्यात धुळीने माखलेल्या, तहानलेल्या गुलाबावर लाल कोळी माजतो त्याचे हे एक कारण आहे. शिवाय सर्वच किडी खताला सारखा प्रतिसाद देत नाहीत. रसशोषक किडी व कोळी यांच्या बाबतीत हा संबंध बराच स्पष्ट आहे. अळ्या व पाने कुरतडणाऱ्या किडींच्या बाबतीत तो कमीअधिक प्रमाणात बदलतो. तात्पर्य, उपाशी झाडही नको आणि माजलेले झाडही नको. ‘अति तेथे माती’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

फवारणीचे चक्र

खतामुळे वाढलेली कीड फवारणीने आवरू, असा पुष्कळांचा समज असतो. या समजाला निसर्ग साथ देत नाही. माव्याच्या माद्या नराच्या संयोगावाचून थेट पिलांना जन्म देतात आणि अनुकूल हवेत ती पिले सात ते दहा दिवसांत स्वतः प्रजोत्पादन करू लागतात. उष्ण हवेत कोळ्याची पिढी अंड्यापासून प्रौढापर्यंत सुमारे आठवड्यात पूर्ण होते आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. फुलकिडा आपली अंडी पानांच्या व कळ्यांच्या आत घालतो आणि त्याची कोषावस्था बहुधा मातीत जाते. या दोन्ही ठिकाणी फवारणी पोहोचत नाही.

इतक्या झपाट्याने पिढ्या उलटत असल्यामुळे औषधाला न जुमानणारे वाण किडींत लवकर निर्माण होतात. हरितगृहातील गुलाबावर नेहमी आढळणाऱ्या दोन ठिपक्यांच्या कोळ्याने जगभरात 90 हून अधिक कीडनाशक द्रव्यांना प्रतिकार दर्शविल्याची नोंद आहे. शिवाय काही औषधे, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील, कोळ्यांना खाणाऱ्या उपयुक्त कोळ्यांचा व कीटकांचा नाश करतात आणि फवारणीनंतर लाल कोळी पूर्वीपेक्षा अधिक वाढतो.

या चक्राची झळ केवळ पैशालाच लागत नाही. फुलांची तोडणी पहाटे होते. दव पडलेल्या, आदल्या दिवशी फवारलेल्या ओळींत उघड्या हातांनी फुले खुडणाऱ्या मुख्यतः स्त्रिया असतात. तीच फुले पुढे केसांत माळली जातात, देवापुढे वाहिली जातात, लहान मुलांच्या हाती जातात. परागकण गोळा करणाऱ्या मधमाश्याही त्याच ताटव्यात उतरतात. एक फवारणी वाचली, तर या सर्वांचा धोका तेवढ्यापुरता टळतो. म्हणून खताची मात्रा ठरविणे हा किडीच्या बंदोबस्तातला पहिला निर्णय आहे. फवारणी हा शेवटचा.

मात्रा, वेळ आणि प्रकार

मात्रा ठरविण्याचा योग्य मार्ग म्हणजे माती परीक्षण. 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेच्या योजनेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सेंद्रिय कर्ब, सामू व क्षारता अशा 12 बाबी तपासल्या जातात. ही पत्रिका अनेक घरांत पेटीत जपून ठेवलेली असते. ती खताच्या दुकानात नेली जात नाही. युरियाचे 45 किलोचे पोते सुमारे 266 रुपयांत मिळते आणि पालाशाचे पोते त्याच्या कित्येक पट महाग असते. साहजिकच हात युरियाकडे वळतो. परंतु स्वस्त म्हणून दिलेला युरिया पुढच्या फवारण्यांचा हिशेब धरला असता स्वस्त राहत नाही.

हिशेब सोपा आहे. युरियात 46 टक्के नत्र असते. म्हणजे 45 किलोच्या एका पोत्यात 20.7 किलो नत्र. माती परीक्षणानुसार हेक्टरी 100 किलो नत्र द्यावयाचे ठरले, तर सुमारे 217 किलो युरिया, म्हणजे पाच पोत्यांहूनही कमी लागतो. गुंठ्याच्या भाषेत बोलावयाचे तर गुंठ्याला सुमारे सव्वादोन किलो. शेणखत, पेंड वा मिश्रखत यांतून मिळणारे नत्र यातून वजा केले पाहिजे. ही सारी मात्रा एकदम न देता लागणीच्या वेळी व त्यानंतर हप्त्याहप्त्यांनी द्यावी, म्हणजे रसात सुट्या अमिनो आम्लांचा पूर येत नाही.

हरितगृहात ठिबकमधून विद्राव्य खते दिली जातात. तेथे चुकीला अधिक वाव असतो, कारण खत थेट मुळाशी जाते आणि हवाही उबदार असते. 19:19:19 या खताचे एक ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळविले, तर त्या पाण्यात दशलक्ष भागांत 190 भाग नत्र येते. एक ग्रॅम युरियाने 460 भाग येते. टेक्सासमधील गुलाबाच्या प्रयोगांत शिफारशीची म्हणून धरलेली पातळी 150 भागांची होती, हे लक्षात घेतले म्हणजे चमच्याच्या अंदाजाने खत टाकणे किती धोक्याचे आहे ते कळते. 14 फेब्रुवारीच्या बाजारासाठी मावळातील गुलाबांची छाटणी सुमारे दीड-दोन महिने आधी होते. त्यानंतरची कोवळी फूट लवकर वाढावी म्हणून नत्र वाढविण्याचा मोह होतो. कळ्या भरण्याच्या ऐन वेळी कोळी व फुलकिडे उसळू नयेत यासाठी हा मोह आवरणे हिताचे आहे.

एका गैरसमजाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. 2015 पासून देशात युरियावर निंबोळी तेलाचे लेपन अनिवार्य झाले आहे. त्यामुळे असा युरिया किडीला आवर घालतो, असे काही शेतकरी मानतात. हे लेपन जमिनीतील युरियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर मंद व्हावे आणि नत्र वाया जाऊ नये यासाठी असते. ते कीडनाशक नव्हे. चांगले कुजलेले शेणखत, कंपोस्ट व निंबोळी पेंड यांतून मात्र नत्र हळूहळू सुटते आणि म्हणून पायाभूत खत म्हणून त्यांना पहिली पसंती द्यावी.

मावा किंवा कोळी दिसू लागल्यावर झाड अशक्त झाले असे समजून युरियाची फवारणी करणे ही सर्वांत घातक चूक होय. त्या वेळी नत्र थांबवावे. आठवड्यातून एकदा पानांची पाठ भिंगाने तपासावी. फूल पांढऱ्या कागदावर झटकून फुलकिडे मोजावेत. प्रारंभीच किडलेले शेंडे खुडून नष्ट करावेत, सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारून मावा व कोळी धुऊन काढावेत, पिवळे व निळे चिकट सापळे लावावेत आणि गरज पडल्यास पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. माव्यावर ताव मारणारे ढालकिडे व क्रायसोपा दिसत असतील, तर त्यांना काम करू द्यावे. रासायनिक औषधाची वेळ आलीच, तर कृषी विज्ञान केंद्राचा किंवा कृषी सहायकाचा सल्ला घेऊनच ते निवडावे.

शाळा आणि ग्रामपंचायत

हा विषय पटवून देण्याचे सर्वांत प्रभावी स्थान म्हणजे शाळेची बाग. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एकाच वाफ्यातील सारखी 15 झेंडूची रोपे सारख्या मातीच्या 15 कुंड्यांत लावावीत आणि त्यांचे पाच-पाचांचे तीन गट करावेत. पहिल्या गटाला केवळ पाणी द्यावे. दुसऱ्या गटाला 10 लिटर पाण्यात 5 ग्रॅम युरिया विरघळवून दर आठवड्याला प्रत्येक कुंडीस पाव लिटर द्यावे. तिसऱ्या गटाला त्याच पाण्यात 15 ग्रॅम युरिया घ्यावा. युरिया शिक्षकांनी स्वतः वजन करून विरघळवावा. ऊन, पाणी व जागा सर्वांना सारखी असावी आणि कोणतीही फवारणी करू नये. विद्यार्थ्यांनी दर शनिवारी प्रत्येक झाडाची उंची, फुलांची संख्या आणि ठरलेल्या तीन पानांवरील मावा व कोळी मोजून तक्ता भरावा. सर्वाधिक हिरवे झाड आणि सर्वाधिक फुलांचे झाड ही एकच आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर मुलांना त्या तक्त्यातून मिळेल. निष्कर्ष अपेक्षेहून वेगळा आला, तर तोही प्रामाणिकपणे नोंदवावा. निरीक्षणाची शिस्त हीच या प्रयोगाची खरी कमाई होय. आणि तो तक्ता घरी वडिलांच्या हाती पडला, तर दहा भाषणांचे काम एका कागदाने होईल.

ग्रामपंचायतींचा संबंध याहून जवळचा आहे. झाडाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत उतरते. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला 45 मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. ज्या गावात फुलशेती व भाजीपाला दाट आहे, तेथे पाणी तपासणीच्या अहवालातील हा आकडा सदस्यांनी आवर्जून पाहावा. पंचायतीच्या उद्यानाची निगा ठेवणाऱ्या माळ्यालाही खताचा अंदाज मुठीने नव्हे, तर वजनाने घेण्याची सवय लावावी. ग्रामसभेत जमीन आरोग्य पत्रिकांचे वाचन झाले आणि गावाच्या मातीला काय कमी व काय अधिक हे सर्वांना कळले, तर तो खर्चाचा नव्हे, बचतीचा कार्यक्रम ठरेल.

विस्तार कार्यात खत हा एक विषय आणि कीड हा दुसरा विषय अशी विभागणी रूढ झाली आहे. पुस्तिका वेगळ्या, प्रात्यक्षिके वेगळी, दुकानातले कप्पेही वेगळे. झाडाला मात्र ही विभागणी माहीत नाही. मुळाशी पडलेला प्रत्येक दाणा पानात चढतो आणि पानावर बसलेल्या जिवालाही त्यातला वाटा मिळतो. तो वाटा किती असावा, हे ठरविणे बऱ्याच अंशी माणसाच्या हाती आहे. पिकाची काळोखी पाहून समाधान मानण्यापूर्वी पान उलटून पाहण्याची सवय फुलशेतीत रुजली, तर दसऱ्याच्या तोरणातील झेंडू शेतकऱ्याच्या घरीही थोडा आनंद मागे ठेवील.